हुबेहूब जुन्यासारखं

९ जानेवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मागून घेत जाऊ नकोस. फोन न करता मेलवर लिहितोय, कारण फोनवर माझं अर्धं वाक्य झालं की उरलेलं तूच बोलून टाकतेस. आज मला पूर्ण वाक्यांत बोलायचं आहे.

आमच्या हॉस्पिटलचा डेटाबेस बदलायचं ठरलं. जुन्या कंपनीने आमच्या व्हर्जनकडे बघणं आता बंद केलंय, त्यामुळे दुसरा घेणं भाग होतं, आणि समितीने निवडला तो नेमका तुमचा. जिथे तू मान मोडून काम करतेस तोच. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

तुमचा विक्रीवाला माणूस येऊन गेला. कडक इस्त्री, मऊ बोलणं. म्हणाला, "सर, तुमची एक ओळसुद्धा बदलावी लागणार नाही. आमचा डेटाबेस जुन्याची भाषा जशीच्या तशी बोलतो." आमच्या मुख्य डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी हो म्हटलं नाही, कारण मला आधी तुला विचारायचं होतं. नोंदणी, वॉर्ड, लॅब, औषधं, सगळीकडचा कोड माझ्या हातचा आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यात गेली. तो जर नव्याने लिहावा लागणार असेल, तर बाई ते काम बाहेरच्या एजन्सीला देणार आणि मी स्वतःच्याच खुर्चीत पाहुण्यासारखा बसणार, हे मला स्वच्छ दिसतंय.

आणि त्यात ती पिवळी पट्टी आहे. तू पाहिली आहेस. पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे हा रकाना रिकामा राहिला, की स्क्रीनच्या डोक्यावर पिवळी पट्टी येते: "विचारलेलं नाही. विचारा." वॉर्डातल्या नर्सबाई तिला 'तुमचं पिवळं' म्हणतात आणि वैतागतात. ती मी का केली ते तुला सांगायला नको. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर आईचा चेहरा कसा सुजला होता, ते आपण दोघांनी दारात उभं राहून बघितलंय.

तेव्हा बहीण म्हणून सांग, कंपनीची माणूस म्हणून नको. एक ओळ बदलावी लागेल की नाही?

आई मजेत आहे. गुडघ्यांची तक्रार चालू, चालताना काठी घ्यायची नाही हा हट्टही चालू.

दादा

१२ जानेवारी

ती. दादा,

नमस्कार, बसूनच. कंबर धरलीय.

विक्रीवाल्याचं मनावर घेऊ नकोस. 'एक ओळही नाही' हे तो 'कसे आहात' म्हटल्यासारखं म्हणतो. बदल करावे लागतील. किती, त्यावरूनच तर आमच्याकडे रोज वादावादी चालू आहे.

आमच्या डेटाबेसला जुन्याची भाषा शिकवायची हे माझ्या टीमचं काम. पुष्कळशी वाक्यं दोन्हीकडे सारखीच आहेत, तिथे प्रश्न नाही. काही ठिकाणी शब्द वेगळे पण काम तेच, तिथे आम्ही मध्ये बसून भाषांतर करतो, तेही ठीक. माझं डोकं फिरतं ते तिसऱ्या प्रकारावर. वाक्य आम्हाला वाचता येतं, चालवताही येतं, पण निघणारं उत्तर जुन्यापेक्षा वेगळं असतं. साहेबांचं म्हणणं, तेही चालवून घ्या, गिऱ्हाईक खूश राहतं. माझं म्हणणं, तिथे सरळ लाल एरर द्यावी: हे मला जुन्यासारखं जमत नाही, तुम्ही बघा.

तूच मला लहानपणी होयबा म्हणायचास ना? बाबांनी मला स्क्रू आणायला धाडलं, मी पुरतं न ऐकता "हो हो" म्हणत पळाले आणि खिळे घेऊन आले. बाबा घरात नव्हते, तू फळी ठोकलीस. ती फळी लगेच पडली असती तर बरं झालं असतं. ती तग धरून राहिली, आणि बाबांनी तिच्यावर रेडिओ ठेवल्यावर पडली. मला डेटाबेसला होयबा करायचं नाही, एवढंच माझं भांडण आहे.

तू घाबरू नकोस. लाल आलं की मला पाठव, आपण मिळून निस्तरू.

तुझी
ठमी

२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

लाल आलं. अगं, किती आलं म्हणून सांगू. आम्ही चाचणीसाठी माझा सगळा कोड तुमच्या डेटाबेसवर चढवला, तर स्क्रीन लालेलाल. आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. हळूच म्हणाल्या, "एक ओळही बदलायची नाही असं ठरलं होतं ना? तुम्हाला जमणार नसेल तर आताच सांगा, बाहेरची माणसं तयार आहेत." माझे दोघे सहकारी खाली मान घालून की-बोर्डकडे बघत होते. इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, ठमे.

त्यातल्या निम्म्या तक्रारी तरी किरकोळ आहेत. एक तर सारखी येते: "रिकाम्या मजकुराचा अर्थ येथे वेगळा होऊ शकतो." होऊ शकतो म्हणजे काय? होतो की नाही ते सांगा आणि मोकळे व्हा. हे म्हणजे वाटेत उभं राहून "पुढे बहुतेक खड्डा असेल" म्हणणारे लोक असतात, तसं झालं.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतो. याचं तोंड बंद करणारं काही असेल तर दे. कोड मी सावकाश सुधारीन, शब्द देतो. फक्त आत्ता चार लोकांसमोर माझी शोभा होऊ देऊ नकोस.

दादा

६ फेब्रुवारी

ती. दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि साहेबांशी जे मी महिनाभर भांडत होते ते तुझ्यासाठी गुंडाळून ठेवलं. साहेबांना हे कळलं तर ते पेढे वाटतील.

आमच्याकडे एक बटण आहे. आम्ही ते आमच्यापुरतं, चाचणीसाठी केलं होतं. त्याचं नावच 'जुन्यासारखं वाग'. ते लावलं की डेटाबेस शक्य तेवढं जुन्यासारखं करतो, आणि जे शक्य नाही तिथेही गप्प बसतो. लाल येत नाही. तुझ्या हॉस्पिटलसाठी ते उघडून दिलंय. साहेबांनी मान डोलावली, कारण त्यांना तेच हवं होतं.

पण दादा, नीट ऐक, मी बोलताना तू मान डोलावतोस आणि लक्ष दुसरीकडे असतं, तसं नको. हे बटण लावलं की सगळं तपासायची जबाबदारी तुझी. प्रत्येक फॉर्म उघड, भर, साठव, परत उघड. तू दिलेल्या नमुन्याच्या नोंदींवर आम्हीही इथे चालवून पाहिलं, सगळं बरोबर आलं. तरी तू बघच.

काठीचं आईला मी सांगते. माझं तरी कुठे ऐकते म्हणा.

तुझी
ठमी

२४ मार्च

चि. ठमीस,

जीव भांड्यात पडला. दोन आठवडे झाले, हॉस्पिटल तुमच्या डेटाबेसवर चालतंय आणि कुणाला पत्तासुद्धा लागलेला नाही. हीच खरी पावती. डॉक्टरीणबाईंनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मी चष्मा पुसत बसलो.

तू सांगितल्याप्रमाणे एकेक फॉर्म तपासला होता. तुला माझी सवय ठाऊक आहे, अर्धवट काही मला बघवत नाही. प्रत्येक रकाना नीट भरला, पत्त्यातल्या पिनकोडापर्यंत. सगळं जसंच्या तसं परत आलं.

एक गंमत सांगतो. पिवळ्या पट्ट्या दिसेनाशा झाल्यात. वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, नवी सिस्टीम आल्यापासून नोंदणीच्या मुलींना शिस्त लागली, सगळं विचारून भरतात. त्या मुलींना परवा शाबासकी मिळाली. त्या जरा गोंधळल्यासारख्या दिसल्या, पण शाबासकी कोण नाकारतं. इतकी वर्षं मी घसा फोडून सांगत होतो, ते डेटाबेस बदलल्यावर झालं.

तेव्हा तुझा तो तिसरा प्रकार वगैरे ठीक आहे, पण हुबेहूब नक्कल जमली की माणसं सुखी होतात, हे लक्षात ठेव.

दादा

२६ मार्च

ती. दादा,

तुझं कौतुक झालं हे वाचून बरं वाटलं. मग पट्टीचं वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

नोंदणीच्या मुली एका दिवसात सुधारतात, असं तू तुझ्या आयुष्यात कधी पाहिलंयस का? पट्टी लावायची की नाही हे ठरवणारी ओळ मला आजच्या आज पाठव. रकाना रिकामा आहे हे तू कसं तपासतोस, तेवढंच मला बघायचंय. जुना डेटाबेस रिकाम्या रकान्याला 'माहीत नाही' समजायचा. आमचा तसं समजत नाही. आमच्याकडे रिकामा म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं आणि ते उत्तर रिकामं होतं. बटण लावल्यावर त्याबद्दल कुणी बोलणार नाही, कारण बोलू नको असं आपणच सांगितलंय.

आणि तू रिकामा फॉर्म साठवून पाहिलास का? तुझे नमुने मी आत्ता परत उघडले. एकही रकाना मोकळा नाही. मलाही तेव्हा हे सुचलं नाही.

लगेच कळव.

ठमी

३० मार्च

दादा,

हे माझं दुसरं पत्र, आणि तुझं उत्तर नाही. तुझा फोन उचलला जात नाही, "कामात आहे, लिहितो" एवढाच निरोप येतो. आईचा फोन बंद. शेजारच्या काकू म्हणतात, "दादाला विचार." हे सगळेजण मला दादाला विचारायला का सांगतायत?

ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,

आधी हे वाच: आई बरी आहे. काल तिने चहात साखर कमी म्हणून कप परत पाठवला. आता पुढचं सावकाश वाच.

गेल्या गुरुवारी तिला ताप भरला. पाय गुडघ्याखाली लाल होऊन सुजला होता. मी मीटिंगमध्ये, फोन खिशात मुका. शेजारच्या काकूंनी रिक्षात घालून तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. आई तापात अर्धवट झोपेत, तिला काही सांगायची शुद्ध नव्हती. काकूंनी नाव, वय, पत्ता सांगितला, बाकी त्यांना काय माहीत. आई आयुष्यात पहिल्यांदा दाखल झाली, त्यामुळे जुनी नोंदही नव्हती. ॲलर्जीचा रकाना नोंदणीच्या मुलीने मोकळा सोडला, नेहमी सोडते तसाच.

मी वॉर्डात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं होतं आणि नर्सबाई ते भरत होत्या. आईच्या कपाळावर हात ठेवला आणि सवयीने स्क्रीनकडे बघितलं. वरचा भाग पांढराशुभ्र. खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, काकूंनी सांगितलं वाटतं, किती व्यवस्थित आहेत. मग लक्षात आलं की काकूंना ते ठाऊकच नाही. जगात हे माहीत असलेली आई सोडून दोनच माणसं, एक तू आणि एक मी, आणि मला कुणीही विचारलेलं नाही. म्हणजे इथे पिवळं हवं होतं.

मी म्हणालो, "थांबा, हे पेनिसिलिन आहे का?" नर्सबाई थांबल्या. होतं.

त्यांनी ट्रे बाजूला ठेवला, डॉक्टरांनी दुसरं औषध लिहिलं, बास एवढंच झालं. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. मी आईच्या पलंगाशी स्टुलावर बसलो. तुझं २६ तारखेचं पत्र मी तिथेच बसून फोनवर वाचलं. तोवर सगळं आपोआप कळलं होतं.

मग मी उठलो. आम्ही सगळ्या वॉर्डांत पलंगापलंगाशी जाऊन प्रत्येकाला तोंडी विचारलं. कुणालाही इजा झालेली नाही, हे देवाचे उपकार. जुना डेटाबेस अजून बाजूला जपून ठेवला होता, त्याच रात्रीपासून त्यावर परत गेलो. मधल्या दिवसांच्या नोंदी पुन्हा भरताना मुलींचे हात मोडून आले. त्यांना मिळालेली शाबासकी आता त्यांनाच टोचते आहे, बिचाऱ्या.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. तुमच्या डेटाबेसवर ढकललं नाही. तो लाल होऊन सांगत होता, मीच त्याचं तोंड बंद करायला लावलं. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हणाल्या, उद्या बोलू.

तुला कळवलं नाही कारण तू निघून आली असतीस आणि मला तुझ्याकडे बघता आलं नसतं.

दादा

५ एप्रिल

ती. दादा,

मी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग आईशी फोनवर बोलले. तिने मला विचारलं, "जेवलीस का?" त्यावर परत रडले. शनिवारी येतेय, तुला माझ्याकडे बघावं लागलं तरी चालेल.

तू सगळं स्वतःवर घेतलंस, तसं नाही ते. तू मागितलंस, पण उघडून मी दिलं. ज्या गोष्टीसाठी साहेबांशी तोंड वाजवत होते, ती भावाने मागितली म्हणून दिली. साहेबांना नाही म्हणणं मला जमत होतं, तुला जमलं नाही.

काल साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, हे बटण आपल्या मालातून काढून टाकायचं. कुणालाही द्यायचं नाही, माझ्या भावाला तर नाहीच. रिकाम्या रकान्याचं जुनं वागणं हवं असेल, तर ते पुरतं शिकवू: शोधताना, जोडताना, मोजताना, सगळीकडे रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. अर्धंमुर्धं नको. आणि जे तसं जमणार नाही तिथे डेटाबेसने काम अडवायचं, कुठल्या ओळीत आणि का ते सांगायचं. ती "होऊ शकतो"ची एररसुद्धा मी बदलतेय. तू बरोबर बोलला होतास, ती लिहिणाऱ्याने अंग चोरलं होतं. ती मीच लिहिली होती.

साहेब म्हणाले, "मग जाहिरातीत काय लिहू?" मी म्हटलं, लिहा की जे जमतं ते हुबेहूब करतो आणि जे जमत नाही ते तोंडावर सांगतो. त्यांनी औषध घेतल्यासारखं तोंड केलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, पण विक्रीवाल्याला तू सांगायचंस." सांगितलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

दोनेक महिने लागतील. नवी व्हर्जन आली की तुझी स्क्रीन परत लाल होणार, दादा. या खेपेला मी काही करणार नाही.

तुझी
ठमी

२१ जून

चि. ठमीस,

तू येऊन गेलीस त्यानंतर आई काठी घेऊन चालते, पण 'ठमीने आणली म्हणून' असं सगळ्यांना सांगते. मी आणलेली दाराआड उभी आहे.

तुमची नवी व्हर्जन चढवली. स्क्रीन लाल झाली आणि डॉक्टरीणबाई पुन्हा येऊन मागे उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बाई, हे असंच दिसणार. हे संपल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही." त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक एरर वाचायला सांगितली. पिवळ्या पट्टीच्या ओळीवर आलो तर तिथे लिहिलं होतं: "येथे रिकामा रकाना म्हणजे 'माहीत नाही' की 'काही नाही', हे ठरवल्याशिवाय ही ओळ चालणार नाही." बाई म्हणाल्या, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने. आता या बाबतीत चेष्टेतही तुला होयबा म्हणणार नाही.

एजन्सी आली नाही. बाईंचं म्हणणं असं की पट्टी नाही हे ज्याला दिसलं, त्यानेच ती परत लावावी. आम्ही तिघांनी मिळून ओळी बदलल्या. हो, बदलल्या. वाटलं होतं जीव जाईल, पण माझाच जुना कोड वाचताना मधूनमधून मजा आली, आणि मधूनमधून हे कुणा गाढवाने लिहिलंय असंही वाटलं. आता तपासताना मी आधी फॉर्म पूर्ण रिकामा साठवतो. फार जड जातं, पण करतो.

आईला तपासणीसाठी नेलं होतं. नोंदणीच्या मुलीने विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी? मग वॉर्डात विचारलं. मग डॉक्टरांनी. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "अहो, तुमचं एकमेकांशी बोलणं नाही का?" घरी येताना तिला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, इंजेक्शनसकट. इतके दिवस सांगितली नव्हती. तिने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "तिला लिही, तिच्या लहानपणी मी तिला हेच सांगायचे. समजलं नाही तर परत विचार, घरी येऊन बोलणी खा, पण विचार."

सोमवारी आम्ही नव्या डेटाबेसवर पुन्हा गेलो. दुपारी मी वॉर्डात जाऊन एका कोपऱ्यात उभा राहिलो, कामाशिवाय. एक म्हातारे गृहस्थ दाखल झाले, सोबत कुणी नाही. नर्सबाईंनी त्यांचं नाव उघडलं आणि स्क्रीनच्या डोक्यावर पिवळं आलं.

"आलं वाटतं तुमचं पिवळं परत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो, आलं."

त्यांनी सुस्कारा टाकला, पेन कानामागे खोचलं, आणि उठून विचारायला गेल्या.

दादा